एका धास्तीचा इतिहास

आमच्या हिंगोलीत रिसाला बाजार आहे, तोफखाना आहे आणि पलटणही आहे. मात्र घोडेस्वार, तोफा आणि शिपाई यांतले आज काहीच नाही. निजामाच्या पैशाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमाने चालणारी हैदराबाद कंटिंजंट नावाची जी फौज होती, तिची एक छावणी येथे होती. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली, छावणी उठली आणि मागे मोहल्ल्यांची नावे तेवढी राहिली. मी या गावात तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. मुलांना ही नावे सांगताना मी लढाया सांगत असे, सनावळ्या सांगत असे. छावणीमागे येणारी आणखी एक गोष्ट मात्र सांगत नसे. ती आज सांगणार आहे. सणासुदीच्या अंकात असा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर एवढेच की हा अंक घरातली सगळी माणसे वाचतात, आणि हा विषय घरातल्याच माणसांचा आहे.

जेथे पलटण तेथे बाजार, आणि बाजारामागे गुप्तरोग, हे इंग्रज सरकारला पुरते ठाऊक होते. सोजीर रणांगणापेक्षा इस्पितळातच अधिक निकामी होतात, ही त्या सरकारची मोठी तक्रार असे. म्हणून १८६४ साली छावण्यांचा कायदा झाला आणि १८६८ साली सांसर्गिक रोगांचा. छावणीच्या आसपास धंदा करणाऱ्या स्त्रियांची नोंद करावयाची, ठराविक मुदतीने त्यांची तपासणी करावयाची, आणि रोग आढळला की लॉक हॉस्पिटल म्हणविणाऱ्या इस्पितळात त्यांना डांबून ठेवावयाचे, अशी ती व्यवस्था. शिपायांची तशी तपासणी मात्र त्यांच्या मानाला कमीपणा आणणारी म्हणून टाळली जाई. रोग दोघांत वाटला जाई आणि पहारा एकटीवर बसे. इंग्लंडात जोसेफाईन बटलर नावाच्या बाईने या प्रकाराविरुद्ध वर्षानुवर्षे रान उठविले, तेव्हा तिकडचा कायदा १८८६ साली रद्द झाला आणि इकडचा १८८८ साली.

हे सारे मी हौसेने वाचले असे नव्हे. माझ्या आयुष्यातली सात वर्षे एका धास्तीत गेली. ती धास्ती मनावेगळी करण्यासाठी मी पुस्तकांत डोके खुपसले, आणि पुस्तकांतही तीच पुन्हा भेटली. ते ओघाने येईलच.

सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' लिहिला, त्यात फिरंग रोगाचे वर्णन आहे. फिरंग्यांच्या संगतीने येतो म्हणून फिरंग. तोच आपल्या बोलीतला गरमीचा रोग. गंमत अशी की या रोगाला प्रत्येकाने परक्याचेच नाव दिले. इटलीत तो फ्रेंचांचा, फ्रान्सात नेपल्सचा, आणि आपल्याकडे फिरंग्यांचा. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. चोपचिनीच्या मुळ्या या रोगावर कशा देतात, याची त्यात मोठी चर्चा आहे. चोपचिनीने न भागले तर पारा. पाऱ्याने दात हलत, तोंडातून लाळ गळे, आणि रोग गेला की दडून बसला हे वैद्यालाही कळत नसे. या न कळण्यातच खरी यातना असे. अंगावरचा चट्टा आपोआप मावळतो, माणूस लग्न करतो, मुलेबाळे होतात, आणि दहा-वीस वर्षांनी एके दिवशी हात थरथरू लागतो. मधल्या सगळ्या वर्षांत त्या गृहस्थाने काय केले असेल? रोज सकाळी आरशात पाहिले असेल. मीही पाहत असे.

रक्त तपासून हा रोग ओळखण्याची परीक्षा वासरमान याने बर्लिनमध्ये १९०६ साली काढली, आणि १९१० साली एर्लिखचे साल्व्हर्सन हे औषध बाजारात आले. रक्ताची साक्ष आधी आणि उतारा मागून, हा क्रम लक्षात ठेवावा. पुढे आपल्याला त्याचा उपयोग होणार आहे. याच सुमाराची माणसे पुढे मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांना पत्रे लिहू लागली. महर्षी कर्व्यांच्या या चिरंजीवांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मरेपर्यंत ते चालविले. वाचकांनी विचारावे आणि त्यांनी उत्तर द्यावे, आडपडदा न ठेवता, अशी त्यांची रीत. या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी कर्वे हरले आणि त्यांना दोनशे रुपये दंड झाला. लोकांच्या मनातली भीती शब्दांत उतरवून तिला सरळ उत्तर देण्याची त्या काळातली किंमत ही! ती एकट्याने भरली, हे आपल्या महाराष्ट्राला फारसे भूषणावह नाही.

मग पेनिसिलिन आले. १९४३ साली गरमीच्या रोग्यांवर त्याचा गुण दिसला आणि काही वर्षांत चारशे वर्षांची ती दहशत एका सुईच्या टोकावर येऊन विरली. आमच्या आधीची पिढी या बाबतीत भाग्यवान. आमच्या वाट्याला १९८१ साल आले.

त्या वर्षी ५ जूनला अमेरिकेच्या सरकारी साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची हकीकत छापून आली. एरवी धडधाकट असलेल्या या माणसांना एक दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. दोन वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यामागचा विषाणू सापडला, आणि १९८५ साली रक्ततपासणीची एलायझा पद्धत वापरात आली. आपल्या देशात मात्र समजूत अशी की हे पाश्चात्त्यांचे थेर आहेत, आपल्या संस्कारांपुढे त्यांचे काय चालणार! फिरंग रोगाचेच नाते पुन्हा.

ही समजूत मोडली ती मद्रासच्या एका मराठी घरातल्या मुलीने. सुनीती गायतोंडे हे माहेरचे नाव. घरी चामड्याचा व्यापार. लग्नानंतर त्या डॉ. सुनीती सॉलोमन झाल्या आणि मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. त्यांनी आपली विद्यार्थिनी निर्मला हिला प्रबंधासाठी हा विषय दिला. निर्मला बुजरी, पारंपरिक वळणाची. पण तिने धंद्यातून पकडून आणलेल्या स्त्रियांच्या सुधारगृहात जाऊन रक्ताचे नमुने घेतले. ठेवण्याची धड सोय नव्हती, म्हणून ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. मला हा तपशील फार आवडतो. दही, कोथिंबीर, आदल्या दिवशीची आमटी, आणि शेजारी देशाच्या इतिहासाला कलाटणी देणाऱ्या बाटल्या! १९८६ च्या फेब्रुवारीत ती आणि तिचे यजमान बर्फाच्या पेटीतून ते नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने वेल्लोरला गेले, कारण तपासणीची सोय तेथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होती. एलायझात एका प्लॅस्टिकच्या ताटलीत लहान लहान खळगे असतात. प्रत्येकात एकेकीच्या रक्तातले पाणी घालतात, आणि विषाणूशी झुंजणारी द्रव्ये त्यात असतील तर रंग बदलतो. सहा खळगे पिवळे झाले. भारतात एचआयव्ही आहे, हे त्या पिवळ्या रंगाने सांगितले.

त्या सहाजणींची नावे इतिहासात नाहीत. नाहीत हे एका परीने बरेच. पण त्यांना तो रोग कोणी दिला, ती माणसे कोणत्या घरी जेवायला बसली होती, त्यांच्या रक्ताचे काय, हे विचारायला त्या वेळी कोणी गेले नाही. १८६४ पासून पहारा होता तेथेच होता. डॉ. सॉलोमन यांच्या मात्र हे ध्यानात आले. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले, आणि पुढली बावीस वर्षे, २०१५ साली मरेपर्यंत, त्या नवऱ्याकडून रोग घेतलेल्या घरंदाज बायकांची कैफियत जगासमोर मांडत राहिल्या.

आता माझी हकीकत. १९९१ ते १९९३ मी मुंबईत परळला एका चाळीत राहत होतो आणि एका खाजगी कचेरीत कारकुनी करीत होतो. वय चोविशीचे. त्याच चाळीत एक बाई राहत होती. तिचा नवरा लांबच्या पल्ल्याच्या ट्रकवर. आमचा संबंध आला. सात-आठ महिने तो टिकला. तो कसा जमला याचे वर्णन करण्याची ही जागा नव्हे आणि त्याचा निवाडा वाचकांनी खुशाल करावा. मी एवढेच म्हणेन की तिने मला फसविले नाही आणि मी तिला काही वचन दिले नाही. पुढे मी बी.एड. केले, १९९५ साली हिंगोलीत शिक्षकाची नोकरी लागली, त्याच वर्षी लग्न झाले आणि पुढल्या वर्षी मुलगी झाली.

१९९७ च्या महाशिवरात्रीला आम्ही औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. रांगेत चाळीतला जुना सोबती भेटला. आईला घेऊन आला होता. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तो हळूच म्हणाला, "तो ड्रायव्हर गेला रे. खंगून खंगून गेला. डॉक्टरांनी तोच रोग सांगितला. तिलाही सासरच्यांनी घराबाहेर काढलं म्हणतात." मी त्यातले पहिले वाक्य ऐकले. पुढचे माझ्या कानांवर पडले, पण आत शिरले नाही. माझी बायको चार हातांवर मुलीला कडेवर घेऊन उभी होती आणि मुलगी तिच्या कानातले ओढत होती.

त्या दिवसापासून रोज सकाळी मान चाचपायची. गाठ लागते का? तिसऱ्या मजल्यावर वर्ग घेताना दम लागला, तर तो जिन्यामुळे की त्यामुळे? दर महिन्याला वजन करावयाचे, आणि अर्धा किलो कमी भरले की दुसऱ्या काट्यावर करावयाचे. मुलीला ताप आला की माझ्या पोटात गोळा येई. आणि तिला ताप दर पावसाळ्यात येई. शाळेत रक्तदानाचे शिबिर झाले तेव्हा मी दाढदुखीचे निमित्त काढून घरी बसलो, कारण दान केलेले रक्त तपासतात हे मला ठाऊक होते. बाधित जोडीदाराशी एका वेळच्या संबंधातून रोग लागण्याचा संभव सरासरीने हजारात एकाहूनही कमी असतो, हे मी पुढे वाचले. पण रात्री दोन वाजता गणित कामाला येत नाही.

तपासून का घेतले नाहीस, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण गोव्याचे. १९८९ साली तेथे डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्तात विषाणू सापडला, पोलीस त्याला घेऊन गेले, आणि म्हापशाच्या एका ओसाड क्षयरुग्णालयात चौसष्ट दिवस त्याला कोंडून ठेवले. गोव्याचा कायदाच तसा होता. सव्वाशे वर्षांपूर्वीचे लॉक हॉस्पिटलच, फक्त या वेळी आत एक पुरुष होता. कोर्टकचेरी झाली, तो सुटला. त्याने सोबत्यांसह अशा रुग्णांसाठी संस्था काढली आणि १९९२ साली तो वारला. मुंबईच्या चाळीत आम्ही त्याच्याबद्दल वर्तमानपत्रांत वाचले होते, आणि 'बरे केले कोंडले' असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. हे कबूल केले पाहिजे.

दुसरे कारण माझेच. १९९९ च्या मे महिन्यात परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा नुकताच झाला होता. गावभर नव्या जिल्ह्याचा उत्साह होता. त्या सुट्टीत मी धीर करून लांबच्या एका शहरी गेलो, एका खाजगी प्रयोगशाळेत पैसे भरले. पंधरावीस माणसे बाकांवर बसलेली, आणि आतला मनुष्य दारात येऊन ओरडला, "एड्सच्या टेस्टवाले कोण आहेत?" मी उठलो आणि सरळ एस.टी. स्टँडवर गेलो. त्या एका आरोळीने माझी पाच वर्षे खाल्ली.

पण पुष्कळ वर्षांनी विचार करताना मला वाटते की खरे कारण वासरमान आणि एर्लिख यांच्या क्रमात आहे. उतारा नसेल तर साक्ष कोणाला हवी? रोग आहे हे कळून मरणाची तारीख तेवढी कळणार. १९९६ साली तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत निघाली आणि परदेशात मरणपंथाला लागलेली माणसे उठून कामावर जाऊ लागली. पण तिचा खर्च वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर. आम्हाला ती चंद्रावरचीच. मग २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच औषधे गरीब देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला साडेतीनशे डॉलरांत देऊ केली. दिवसाला एक डॉलरसुद्धा नाही! जगभरच्या औषधवाल्यांचे भाव कोसळले. आणि १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ही औषधे फुकट देण्यास आरंभ केला. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. ती बातमी मी शिक्षकांच्या खोलीत वर्तमानपत्रात वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि त्याच ऑगस्टमध्ये शेजारच्या जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो. गावात नको, कारण गावात प्रत्येक टेबलामागे माझा एखादा विद्यार्थी बसलेला असतो.

येथे कोणी ओरडले नाही. दार लावलेल्या खोलीत एका समुपदेशक बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि विचारले, "काका, किती वर्षं झाली?" मी म्हणालो, "अकरा." त्यांनी समजावून सांगितले की विषाणू शिरल्यावर रक्तात खूण उमटण्यास काही आठवडे लागतात, तीन महिने उलटून गेले असतील तर तपासणीचा निकाल पक्का धरावा. माझे तर अकरा वर्षे उलटून गेलेले. संध्याकाळी कागद मिळाला. त्यावर दोष नाही असे लिहिले होते. मी तो तीनदा वाचला आणि बाईंना विचारले, "नक्की?" त्या हसल्या. म्हणाल्या, "सगळे हेच विचारतात."

त्यानंतर काळ फार पुढे गेला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने आणि डॉ. सॉलोमन यांच्या चेन्नईच्या केंद्राने भाग घेतलेल्या एका मोठ्या पाहणीत नऊ देशांतली सतराशेवर जोडपी होती. दोघांपैकी एक बाधित, एक नाही. औषध लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण शेकडा ९६ ने घटते, असा तिचा निकाल २०११ साली आला. आता तपासणीत रोग निघाला की लगेच औषध सुरू करतात, आणि रक्तातला विषाणू दिसेनासा झालेल्या माणसाकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला तो जात नाही, हेही ठरले आहे. संबंध नुकताच आला असेल तर बहात्तर तासांच्या आत सुरू करण्याचे प्रतिबंधक औषध आहे. संमतीवाचून तपासणी करू नये, निकाल फोडू नये, असा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ च्या सप्टेंबरापासून लागू आहे. सरकारी रुग्णालयांतील केंद्रांत तपासणी फुकट होते आणि १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. कर्व्यांच्या वाचकांना एवढे मिळाले असते तर! महाराष्ट्रात आज चार लाखांच्या घरात माणसे हा विषाणू बाळगून जगत आहेत. त्यांतली कित्येक या अंकाचे पान उलटत असतील.

त्या ऑगस्टच्या संध्याकाळकडे परत येतो. घरी पोचलो तेव्हा मुलगी झोपली होती. मी बायकोला सगळे सांगितले, कागद दाखविला. मला वाटले होते ती रडेल, भांडेल, निदान सुटकेचा श्वास टाकील. तिने कागद दिव्याखाली धरून वाचला आणि म्हणाली, "अहो, सात वर्षं माझ्या रक्तात काय आहे याची काळजी तुम्ही एकट्यानंच केलीत होय? मला कशाला विचारलं नाहीत?" मी काही बोललो नाही. छावणीचा कायदा मी वर्गात पुष्कळ शिव्या देऊन शिकविला असता. पण माझ्या घरात त्याहून निराळे काय चालले होते? ते निदान बायकांची तपासणी तरी करीत. दुसऱ्या आठवड्यात ती एकटी बसने जाऊन स्वतःची तपासणी करून आली. तशी गरज उरली नव्हती, हे तिला त्या बाईंनी सांगितलेही. पण तिने हट्ट धरला. तो कागद तिने रेशनकार्डाच्या डब्यात माझ्या कागदाजवळ ठेवला. मग भाकरी थापताथापता, पाठ न वळवता, तिने विचारले, "आणि ती? तिचं काय झालं?"

तेव्हा मला औंढ्याच्या रांगेतले ते दुसरे वाक्य आठवले. घराबाहेर काढले म्हणतात. सात वर्षे मी माझी मान चाचपीत होतो.

२००६ च्या उन्हाळ्यात मी परळला गेलो. खिशात फुकट औषधांच्या केंद्राचा पत्ता लिहून नेला होता. चाळीच्या जागी पत्र्याचे कुंपण होते आणि आत एक उंच इमारत उठत होती. रखवालदाराने विचारले, "कोण पाहिजे?" मी तिचे नाव सांगितले. तेरा वर्षांत ते नाव मी मोठ्याने प्रथमच उच्चारीत होतो. त्याने दोनदा मान हलविली आणि समोरच्या पानवाल्याकडे बोट केले. पानवालाही नवा होता.